कॅल्शियम फॉस्फेट लेप व जनुक-प्रेषण

कॅल्शियम फॉस्फेट लेप व जनुक-प्रेषण : जनुके धारण करणारे डीएनए रेणू कॅल्शियम फॉस्फेटाच्या अवक्षेपात (साक्यात) गुंतवून कोशिकांत (पेशींत) पोहोचविण्याची आणि त्याच द्रव्याचा पातळ लेप घन पृष्ठावर देऊन हे कार्य ठराविक जागी घडवून आणण्याची पद्धती. हाडे व दात यांचे खनिज कॅल्शियम फॉस्फेटाचेच एक रूप असल्याने हे द्रव्य शरीरास सहसा बाधत नाही.

डीएनएमुळे जीवाचे आनुवंशिक गुण बदलतात, हे ओ. टी. ॲव्हरी व त्यांचे सहकारी यांनी १९४४ मध्ये न्यूमोकोकस सूक्ष्मजंतूंवरील प्रयोगांनी दाखविले. प्राण्यांच्या कोशिकांत मात्र नुसता डीएनए सहजी शिरत नाही कारण डीएनए व कोशिकेचा पृष्ठभाग या दोहोंवरही ऋण विद्युत् भार असतो. ही अडचण एफ्. एल्. ग्रॅहॅम व ए. जे. व्हॅन डर एब यांनी नेदर्लंड्समधील लायडन येथे दूर केली. त्यांनी ॲडिनोव्हायरस या विषाणूचा डीएनए फॉस्फेटयुक्त लवण-विद्रावात मिसळून त्यात कॅल्शियम क्लोराइड घातले. तयार झालेला सूक्ष्म साका कोशिकांवर बसला, कोशिकांनी त्याचे कण गिळले आणि आतील अम्लीय पोकळ्यांत खनिज विरघळून काही डीएनए कोशिकाकेंद्रापर्यंत पोहोचला. ही पद्धती १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली.

साहित्य स्वस्त व कृती सोपी असल्याने तिचा प्रसार झपाट्याने झाला. ग्रॅहॅम यांनी याच रीतीने मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंड-कोशिकांपासून एक अखंड वाढणारा वाण मिळविला. त्यांच्या २९३ व्या प्रयोगावरून त्यास ‘२९३’ हे नाव पडले (१९७७). पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादन केलेली व २०२१ मध्ये भारतात मान्यता मिळालेली कोव्हिशील्ड ही लस याच वाणापासून सुधारलेल्या कोशिकांत वाढविली जाई. १९७९ मध्ये सी. शी, आर्. ए. वाइनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी रसायनांमुळे अर्बुदजनक बनलेल्या कोशिकांचा डीएनए निरोगी कोशिकांत घालून त्यांत तोच विकार उत्पन्न केला. कर्करोगजनक जनुकांच्या शोधाचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

या यशामुळे उतावीळपणाही झाला. १९८० मध्ये अमेरिकेतील एम्. जे. क्लाइन यांनी इझ्राएल व इटली येथील दोन थॅलॅसिमियाग्रस्त रुग्णांच्या अस्थिमज्जेवर जनुक-प्रेषणाचा प्रयोग केला. आपल्या विद्यापीठाच्या समितीची अनुमती त्यांनी मिळविली नव्हती. रुग्णांना लाभ झाला नाही आणि १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी क्लाइन यांच्यावर निर्बंध घातले. मानवावरील जनुक-प्रयोगांना कडक पूर्वपरीक्षण आवश्यक आहे, ही जाणीव या प्रकरणाने दृढ केली. १९९० नंतरच्या अनुमत चाचण्यांत विषाणु-वाहकांवर भर राहिला. परंतु १९९९ मध्ये ॲडिनोव्हायरस-वाहकाच्या चाचणीत एका तरुणाचा मृत्यू झाल्यावर विषाणुविरहित पद्धतींची निकड पुन्हा प्रकर्षाने भासली.

साक्याचा मोठा दोष म्हणजे त्याची अनिश्चितता. पीएच मूल्य, तापमान व मिसळण्याचा वेग यांत थोडा फरक पडला, तरी कण मोठे होऊन परिणाम घटतो. द्रवात विखुरलेले कण कोणत्या कोशिकांपर्यंत जातील, हेही ठरविता येत नाही. लेपाची कल्पना या दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून उपयुक्त ठरली. जपानमधील टी. कोकुबो यांनी रक्तद्रवाशी जुळणाऱ्या आयनांचा (विद्युत् भारित अणू वा अणुगटांचा) कृत्रिम विद्राव सिद्ध केला होता. त्यात बुडविलेल्या योग्य पृष्ठांवर हाडासारखे खनिज जमते. अशा खनिजद्रवांत डीएनए मिसळल्यास खनिज व डीएनए एकत्रच पृष्ठावर बसतात. येल विद्यापीठातील एच्. शेन, जे. टॅन व डब्ल्यू. एम्. सॉल्ट्झमन यांनी २००४ मध्ये असे संयुक्त थर वर्णिले व लेपाच्या पोतावर जनुक-प्रेषणाची कार्यक्षमता अवलंबून असते, असे दाखविले. भारतात दिल्ली विद्यापीठातील ए. मैत्रा व सहकारी यांनी डीएनए सामावणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटाच्या अतिसूक्ष्म कणांवरील संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

लेपास चिकटलेल्या कोशिकाच प्रामुख्याने जनुक ग्रहण करतात. त्यामुळे टिटॅनियमाच्या अस्थिरोपणावर हाडाच्या वाढीस चालना देणाऱ्या प्रथिनाचे जनुक ठेवून रोपणाभोवतीच नवे हाड घडविणे, हे या संशोधनाचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे. विषाणूंच्या तुलनेने कार्यक्षमता कमी आणि जनुकाचा प्रभाव बहुधा अल्पकालीन, या मर्यादा आहेत. मात्र हाड सांधण्यासारख्या कामी, जेथे प्रभाव काही काळच हवा असतो, तेथे ही अल्पकालीनता उपकारकही ठरू शकते.