रामटेकचा शंबूक

तीर्थक्षेत्राचे माहात्म्य म्हणजे इतिहास नव्हे; पण म्हणून ते निरुपयोगी असते असेही नाही. घडलेल्या घटनांची नोंद माहात्म्यात सापडत नसली, तरी ज्या समाजाने ते रचले त्या समाजाला काय पटवून द्यायचे होते आणि काय झाकायचे होते, याची नोंद त्यात हमखास सापडते. या दृष्टीने नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या रामटेकचा विचार परिवर्तनवादी चळवळीतल्या अभ्यासकांनी केला पाहिजे. कारण रामाच्या या डोंगरावर शंबूकाची कथा अजून जिवंत आहे.

रामटेकच्या कथा अनेक आहेत. वनवासात असताना राम येथे टेकला, म्हणजे थांबला, म्हणून रामटेक, असे एक सांगतात. राक्षसांचा नाश करण्याची टेक, म्हणजे प्रतिज्ञा, त्याने येथे अगस्त्याच्या आश्रमात केली, असे दुसरे सांगतात. नृसिंहाने हिरण्यकशिपूला फाडले आणि त्याच्या रक्ताने डोंगर शेंदरी झाला, म्हणून हा सिंदूरगिरी, असेही आहे. या सर्व कथांमध्ये एक समान सूत्र आहे : कोणाचा तरी वध झाल्याशिवाय हा डोंगर पवित्र होत नाही. आणि या वधांच्या मालिकेतच शंबूकवध येतो.

मूळ कथा वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडातली. एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो. राज्यात कोणीतरी शूद्र तप करीत आहे, त्या पापाचे हे फळ, असे नारद सांगतो. राम पुष्पक विमानातून शोध घेत दक्षिणेकडे येतो, तेव्हा शैवल पर्वताजवळच्या सरोवराकाठी एक तपस्वी खाली डोके करून तप करताना दिसतो. राम त्याला वर्ण विचारतो. तो खोटे बोलत नाही. आपण शूद्र आहोत आणि आपले नाव शंबूक, असे सांगतो. त्याचे बोलणे संपते न संपते तोच राम त्याचे मस्तक उडवतो. देव पुष्पवृष्टी करतात आणि ब्राह्मणाचा मुलगा जिवंत होतो. शंबूकाने कोणाला मारले नाही, कोणाचे काही हिरावले नाही. तप करणे हा त्याचा गुन्हा आणि सत्य सांगणे हा त्याविरुद्धचा पुरावा!

उत्तरकांड मूळ रामायणाचा भाग नाही, ते मागाहून जोडले गेले, असे बहुतेक विद्वान मानतात. रामाला दोषमुक्त करण्यासाठी हे मत अनेकदा पुढे केले जाते. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही, उलट अधिक टोकदार होतो. आधीच्या कथेत हा वध नव्हता, असे मानले, तर तो मुद्दाम घालण्याची गरज कोणाला आणि का वाटली? आदर्श राजा शूद्राला मारल्याशिवाय आदर्श ठरत नाही, असे मानणारा समाज त्यामागे उभा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘जातिभेद निर्मूलन’ या भाषणात नेमके हेच दाखवून दिले. चातुर्वर्ण्य दंडाशिवाय टिकू शकत नाही. म्हणून शंबूकाचा वध ही एका राजाची लहर नव्हे, ती त्या व्यवस्थेची गरज होती, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आता विदर्भाकडे वळू. या कथेशी आपल्या भूमीचे नाते फार जुने आहे. पाचव्या शतकात वाकाटकांची राजधानी रामटेकजवळच्या नंदिवर्धन येथे, म्हणजे आजच्या नगरधन येथे होती. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायांशी दिला गेला, असे त्यातच नमूद आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे मत नागपूरचे पंडित वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्याच कालिदासाने ‘रघुवंशा’त शंबूकवध सांगितला आहे, तपाने जी गती मिळाली नसती ती राजाने दिलेल्या दंडाने शूद्राला मिळाली, हा तिथला सूर आहे. पुढे आठव्या शतकात, विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त मेलेल्या शंबूकाला दिव्यपुरुष केले आणि मारणाऱ्या रामापुढे कृतज्ञतेने उभे केले.

या क्रमाकडे नीट पाहा. प्रथम वध आहे. मग त्या वधाने सद्गती मिळाली, असे समर्थन येते. मग मेलेला माणूस मारणाऱ्याचे आभार मानतो. रामटेकच्या डोंगरावरच्या लक्ष्मणमंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा, शिलालेख आहे. त्यात इथल्या देवतांची व तीर्थांची माहिती आहे आणि त्यात शूद्र मुनी शंबूकही आहे. रामाच्या खड्गाने तो उद्धरला, असाच भाव तिथेही आहे. म्हणजे किमान सातशे वर्षे ही कथा या डोंगराला चिकटलेली आहे.

स्थानिक परंपरा याच्याही पुढे जाते. मरताना शंबूकाने रामाकडे वर मागितले, असे ती सांगते : रामाने याच डोंगरावर राहावे, आपल्या देहाचे शिवलिंग व्हावे आणि आपली पूजा आधी व्हावी. ते लिंग म्हणजे धूम्रेश्वर. ज्याला तप करायचा अधिकार नव्हता, त्याला मेल्यावर पूजेचा मान मिळाला! जिवंत शूद्र व्यवस्थेला पेलत नाही. दगड झालेला शूद्र तिला चालतो. आणि त्यातही त्याचे नाव गेले. रामाने विचारल्यावर ज्याने न भिता आपले नाव सांगितले, तो आज धूम्रेश्वर या नावाने पुजला जातो.

मात्र या कथेला दुसरी बाजू असू शकते, तीही आपण नाकारू नये. आधी शंबूक, मग राम, हा क्रम ब्राह्मणी माहात्म्याला सोयीचा नाही. अन्याय झाला होता याची बोच जनमानसात कुठेतरी शिल्लक राहिली आणि ती या वराच्या रूपाने व्यक्त झाली, असेही म्हणता येईल. ती बोच मिटवता आली नाही, म्हणून तिला मंदिरात जागा देऊन शांत करण्यात आले.

ही बोच विसाव्या शतकात उघडपणे बोलू लागली. त्रिपुरनेनी रामस्वामी चौधरी यांनी तेलुगूत, तर १९४४ साली कुवेंपूंनी कन्नडमध्ये ‘शूद्र तपस्वी’ लिहून शंबूकाला नाटकाच्या केंद्रस्थानी आणले. महाराष्ट्रात २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. रामाचे दार उघडले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. रामाला ईश्वर न मानण्याची आणि त्याची उपासना न करण्याची प्रतिज्ञा त्या बावीस प्रतिज्ञांमध्ये होती. दार उघडा म्हणणारा समाज सव्वीस वर्षांत त्या दाराकडे पाठ करून उभा राहिला. शंबूकाच्या नावाने मागितलेल्या कोणत्याही वरापेक्षा हे उत्तर मोठे होते. १९८७ साली बाबासाहेबांच्या लेखनाच्या चौथ्या खंडातील राम-कृष्णविषयक प्रकरणावरून जो गदारोळ उठला, त्यावरून हा प्रश्न किती जिव्हारी लागणारा आहे हे दिसलेच.

आपल्या कार्यकर्त्यांना येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. रामटेकशेजारी मनसर येथे १९९८ पासून झालेल्या उत्खननात मोठे अवशेष मिळाले. कोणी तेथे नागार्जुनाचा वारसा पाहतात, कोणी वाकाटकांचे शिवमंदिर. अशा वादात घाईने दावा करणे म्हणजे माहात्म्याला माहात्म्याने उत्तर देणे. शंबूक हा ऐतिहासिक पुरुष होता, असा आग्रहही आपण धरू नये. त्याची गरज नाही. ज्या समाजाने त्याचा वध पुनःपुन्हा सांगितला आणि दर वेळी नवे समर्थन जोडले, तो समाज मात्र पूर्णपणे ऐतिहासिक आहे. आपला पुरावा तोच आहे.

रामटेकला कालिदासाचे स्मारक आहे. १९९७ साली त्याच्या नावाने संस्कृत विद्यापीठही स्थापन झाले. तिथे संस्कृत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ‘मेघदूता’बरोबर ‘रघुवंशा’चा पंधरावा सर्गही वाचावा आणि लक्ष्मणमंदिरातला शिलालेख स्वतः पाहावा. आसपासच्या खेड्यांतली वडीलधारी माणसे धूम्रेश्वराची कथा कशी सांगतात, ते शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावे. ती माणसे गेली की कथा माहात्म्याच्या पोथीतच उरेल, आणि पोथी शंबूकाच्या बाजूने कधीच बोललेली नाही.