दाढीवाल्या बँटम कोंबड्या : खानदेशातील पाळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी किंवा रश्श्यासाठी, हा आपल्याकडचा सरळ हिशेब. दाढीवाली बँटम त्यात बसत नाही. तिचा कोंबडा जेमतेम पाऊण किलोचा, कोंबडी त्याहून हलकी आणि अंडे गावरानीपेक्षाही लहान. ती पाळतात ती तिच्या रूपासाठी: गालांवर फुगलेले पिसांचे कल्ले, चोचीखाली भरगच्च दाढी, ताठ छाती आणि माणसाच्या पायांत घोटाळणारा लाडका स्वभाव. केवळ डोळ्यांना आनंद देतो म्हणून एखादा जीव सांभाळणे हे मला कमी प्रतीचे काम वाटत नाही. गुलाब लावणारा गुलाबाकडून उत्पन्न मागत नाही. पहूरला, किंवा जामनेर-पाचोऱ्याच्या पट्ट्यात कुठेही, हा पक्षी पाळायचे ज्याच्या मनात आले आहे त्याचे या विषयात मनापासून स्वागत. मात्र आत येताना त्याने एक गोष्ट पक्की धरावी. ही दाढी थंड देशात घडली आहे; येथे तिची निवड वाघूरकाठच्या उन्हाकडे बघून करावी लागते.

दाढीवाल्या बँटमचे खरे घर बेल्जियम. तिथल्या दोन जाती सर्वांत नावाजलेल्या. अँटवर्पची दाढीवाली ही जुनी: गुलाबतुऱ्याची, म्हणजे डोक्यावर चपटा दाणेदार तुरा असलेली, स्वच्छ पायांची, मानेवर घोड्याच्या आयाळीसारखी दाट पिसे मिरवणारी. दुसरी उक्लची. ब्रुसेल्सजवळच्या उक्ल गावी मिशेल व्हॅन गेल्डर यांनी 1905 च्या सुमारास ती घडवली. तिचा तुरा साधा, एकेरी. पण पायांवर, अगदी बोटांपर्यंत, पिसे असतात. या दोन्ही अस्सल बँटम, म्हणजे मोठ्या जातीला लहान करून काढलेल्या नव्हेत. त्यांना मोठ्या आकाराचे भावंडच नाही. उक्लच्या रंगांपैकी सर्वांना भुलवणारा तो मिलफ्लूर: नारिंगी-तपकिरी पीस, त्यावर काळा ठिपका आणि अगदी टोकाला पांढरा थेंब. दर वर्षी पिसे झडून नवी आली की हा पांढरा वाढत जातो. म्हणून तरुण तलंगेवर पांढरे ठिपके कमी दिसले तर तिला नाकारू नये. जी पहिल्याच वर्षी पांढऱ्याने भरलेली आहे, ती तिसऱ्या वर्षी चितकबरी दिसेल.

आपल्याकडे दाढीची म्हणून पुष्कळदा सिल्कीच मिळते. ती बेल्जियमची नव्हे, मूळची चीनकडची. अमेरिकेत तिला बँटम मानतात, ब्रिटनमध्ये मानत नाहीत. तिचे पीस केसांसारखे मऊ असते, कारण पिसाचे धागे एकमेकांत अडकवणारे बारीक आकडेच त्यात नसतात. त्यामुळे पहिल्या पावसातच ती चिंब होते. तिची कातडी काळी आणि हाडेही काळी. सातपुड्यापलीकडच्या झाबुआच्या कडकनाथातही हाच काळेपणा आहे आणि दोन्हींत त्याचे मूळ जनुकीय कारण एकच आहे. कडकनाथाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्याची चर्चा गावोगावी झाली. अंगणातल्या सिल्कीशी त्याचे असे नाते आहे, हे फार कमी जणांच्या ध्यानात आले.

आता दाढीविषयी. तिच्यामागे एकच जनुकीय बदल आहे. चीनमधल्या दाढीवाल्या कोंबड्यांवरचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. 27 व्या गुणसूत्रावरच्या काही तुकड्यांच्या जादा प्रती तयार होऊन एचओएक्सबी-8 हे जनुक चेहऱ्याच्या कातडीत जागे होते, आणि तिथे लांब पिसे उगवतात, असे त्यात दिसले. पाळणाऱ्याला यातून कामाची गोष्ट मिळते ती अशी. हे लक्षण अर्धवट प्रभावी आहे. शुद्ध दाढीवाल्या कोंबड्याखाली गावरान कोंबडी सोडली तर सगळ्या पिल्लांना दाढी येईल, पण विरळ. त्या पिल्लांचा आपसांत मेळ घातला तर पुढच्या पिढीत सरासरी चौथा हिस्सा भरघोस दाढीचा, निम्मी विरळ दाढीची आणि उरलेला चौथा हिस्सा साध्या गालांचा निघेल. तेव्हा वयात आलेल्या पक्ष्याची दाढी पातळ असेल आणि विकणारा ‘पुढे भरेल’ म्हणत असेल, तर रक्त मिसळलेले असण्याचा संभव मोठा. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचेही गाल फुगीर दिसतात. निवड तिथूनच सुरू करता येते.

याच दाढीची किंमत मोजावी लागते ती उन्हाळ्यात. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाची उष्णता मूळचीच 41 अंशांच्या आसपास. हवा 30-35 अंशांची असेल तोवर तुरा, चोचीखाली लोंबणारे लाल मांस आणि उघडी कातडी यांतून उष्णता बाहेर पडते. दाढीवाल्या पक्ष्यात ते लाल मांस अगदी आखूड असते, वर चेहरा पिसांनी झाकलेला. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो तेव्हा तर हवाच अंगापेक्षा तापलेली असते, आणि चोच उघडून धापा टाकणे हा एकच मार्ग उरतो. धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि अंड्याचे कवच पातळ होते. बँटमच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे. लहान देहाला वजनाच्या मानाने कातडी जास्त मिळते, म्हणून जड कोंबडीपेक्षा ती ऊन बरे सोसते. म्हणजे आकार तिला तारतो आणि दाढी अडवते. आपण करायचे ते या दोहोंच्या मधले.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे तिरपे ऊन आत शिरत नाही. पत्रा असेल तर त्यावर पऱ्हाट्यांचा जाड थर द्यावा आणि दुपारी त्यावर पाणी मारावे. कडुनिंबाखालची जागा मिळाली तर दुसरी शोधूच नये. पाण्याचे भांडे अरुंद तोंडाचे हवे किंवा निपल लावावा. उघड्या थाळीत दाढी रोज भिजते, तिला खाद्याचा चिकटा लागतो, मग तिथे उवा घर करतात आणि शेजारच्या कोंबड्या ती उपटून खातात. दर आठवड्याला दाढी बोटांनी बाजूला करून मुळाशी पाहणे हा या छंदातला नेमच समजावा.

पावसाळ्यात प्रश्न पायांचा. आपली काळी जमीन उक्लच्या पायपिसांना असा चिखल लावते की तो वाळून गोळे होतात आणि पीस मुळासकट तुटते. पायांवर खवले उचलणारी खरूजही अशा पिसांआड लवकर दिसत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: नवख्याने स्वच्छ पायांचा पक्षी मिळत असेल तर तोच घ्यावा. उक्लचाच हट्ट असेल तर कोरड्या भुशाची बंद जागा आधी तयार करावी.

अंडी बसवायची ती थंडीत. फलित अंड्यातला गर्भ साधारण 21 अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो. मे महिन्याच्या खोलीत साठवलेली अंडी उबवणीला जाण्याआधीच अर्धवट वाढून बिघडतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा हंगाम सोडू नये. बँटम खुडूक लवकर बसते आणि मायेने बसते. तिच्याखाली तिचीच सहा-आठ अंडी पुरेत. पिल्ले 21 दिवसांत, कधी एक-दोन दिवस आधीच, बाहेर येतात.

पक्षी निवडताना दाढी शेवटी पाहावी. आधी डोळे पाणीदार आहेत का, दाढी-कल्ल्यांमुळे नजर झाकली जात नाही ना, चोच सरळ मिटते का, छातीचे हाड वाकडे नाही ना, श्वासात घरघर नाही ना, हे हातात घेऊन पाहावे. फोटोवरून पक्षी घेऊ नये, कारण फोटोत घरघर ऐकू येत नाही. दाढीमुळे नर-मादी ओळखणेही अवघड जाते; दोन-तीन महिन्यांच्या वयात तुऱ्याचा रंग आणि पाठीवरची टोकदार पिसे पाहून नर ओळखावा.

घरी आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवणे ही खानदेशात नुसती पुस्तकी शिस्त नाही. देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच नवापूरला उघडकीस आली. पुढच्या महिन्यात ती जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत, घरगुती कोंबड्यांत सापडली, आणि 2021 मध्ये नवापूरला पुन्हा आली. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. अशा वेळी हौसेचा पक्षी आणि पोल्ट्रीतला पक्षी असा भेद होत नाही, होऊही नये. मानमोडी हा रोग मात्र दर वर्षीचा. त्यावरच्या लासोटा लशीच्या एका बाटलीत पुष्कळ मात्रा असतात आणि उघडलेली बाटली काही तासांत संपवावी लागते. तेव्हा पशुवैद्यकाशी बोलून गल्लीतल्या सगळ्या कोंबड्यांना, गावरान धरून, एकाच दिवशी लस द्यावी. आपल्या दहा बँटमची सुरक्षितता शेजाऱ्याच्या चार कोंबड्यांवर उभी असते.

या छंदात येणाऱ्याने आपल्या मातीतल्या पक्ष्याकडे पाठ फिरवू नये. नंदुरबार-धुळ्याच्या आणि शेजारच्या गुजरातच्या आदिवासी भागातली बुसरा ही कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंदलेली जात आहे. उन्हात टिकायचे कसे याची निवड तिच्या पिढ्यांनी आधीच केलेली आहे. 2008 मधल्या एका अभ्यासाने आणखी एक नाते दाखवले. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे डार्विनने सांगितले होते. पण पिवळ्या कातडीचे जनुक आले ते आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या कुळातून. त्यामुळे पाळीव कोंबडीचे कूळ आपल्याला अगदीच परके नाही.

परदेशी पुस्तके रंगाचे आणि ठेवणीचे मानदंड उत्तम शिकवतात. जळगावच्या मे महिन्यात कोणता कोंबडा धापा न टाकता सावलीत उभा राहिला, हे मात्र येथल्या वहीतच लिहिले जाईल. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी घाला. आई-बाप, उबवणीची तारीख, उन्हाळ्यातली मर, दाढीची भर हे सारे नोंदवा, आणि ज्या आईची पिल्ले उन्हाळा काढतात तिचाच वंश पुढे चालवा, मग तिची दाढी दुसऱ्या क्रमांकाची असली तरी चालेल. सुरुवात पावसाळा ओसरल्यावर करा. घेताना जोडी नको. एक कोंबडा आणि तीन-चार तलंगा घ्या, आणि तो कोंबडा त्यांचा सख्खा भाऊ नाही हे आधी विचारून घ्या.