एकदाच लिहिलेल्या आज्ञा

सकाळी संगणकापुढे बसलो की आमची सुरुवात ठरलेली असते. चालू प्रकल्पाच्या डिरेक्टरीत जायचे, प्रोग्रामच्या चार-पाच फाईली उघडायच्या, मग कामाला लागायचे. या आज्ञा रोज टाईप करण्याऐवजी आम्ही त्या एका फाईलमध्ये लिहून ठेवल्या आहेत. त्या फाईलचे नाव टाईप केले की सारा पसारा समोर मांडला जातो. अशा फाईलला 'स्क्रिप्ट' म्हणतात. ही कल्पना आली कोठून?

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९६१ साली 'सीटीएसएस' ही प्रणाली प्रथम दाखवण्यात आली. तिच्यामुळे एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येऊ लागला. टंकलेखन यंत्रासारख्या टर्मिनलवर एक आज्ञा द्यायची, ती पूर्ण झाली की दुसरी. नेहमीच्या कामांत त्याच त्या आज्ञा त्याच क्रमाने पुन्हा द्याव्या लागत. तेथे काम करणाऱ्या लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञांनी १९६३-६४ च्या सुमारास यावर 'रनकॉम' हा प्रोग्राम लिहिला. फाईलमधील आज्ञा तो ओळीने वाचून अमलात आणी. फाईलचे नाव तेवढे बदलायचे असेल, तर ते ऐन वेळी सांगता येई.

पण पूझँ यांना यात केवळ श्रमांची बचत दिसली नाही. लहान आज्ञा जोडून मोठी आज्ञा बनवता आली पाहिजे, हा त्यांचा मूळ विचार होता. आज्ञा समजून घेऊन पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रामला 'शेल', म्हणजे कवच, हे नावही त्यांनीच दिले. पुढे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये युनिक्ससाठी शेल लिहिले. १९७९ च्या बोर्न शेलमुळे स्क्रिप्टमध्ये 'जर-तर' आणि पुनरावृत्ती सोयीने लिहिता येऊ लागली.

स्क्रिप्टला एक मर्यादा मात्र आहे. लिहिलेली चूकही ती तितक्याच इमानाने रोज करते! म्हणून ती लिहिण्यापूर्वी आपले काम नेमके कोणत्या पायऱ्यांनी होते, हे आपल्यालाच आधी कळावे लागते. विद्यार्थ्यांना एखादी स्क्रिप्ट लिहायला दिली, तर त्यांचा खरा अभ्यास येथेच होतो.

लिनक्सच्या संगणकावर 'बॅशआरसी' नावाची फाईल अनेकदा आढळते. तिच्या नावातील 'आरसी' ही अक्षरे 'रनकॉम'चीच खूण आहे.