परमुलखातला दंड

३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. विशीतला हा राजा इंग्लंडचा दौरा आटोपून युरोपमार्गे मायदेशी निघाला होता. सोबतच्या मंडळींवर दुःख कोसळले होतेच, पण त्याच रात्री कायद्याचा पेचही उभा राहिला. अंत्यसंस्कार हिंदू रीतीने, नदीकाठी, अग्नी देऊन व्हायला हवा होता आणि त्या शहरात शवदहनाची ना रीत होती, ना मुभा. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. महाराजांबरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे ब्रिटिश अधिकारी होते. रदबदली झाली, खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, काशिने बागेच्या टोकाला चिता पेटली.

१८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा याच मँट यांनी आखला. पुढे शंभरेक वर्षांनी, १९७० च्या दशकात, संगमाजवळ आर्नोवर वाहनांसाठी भव्य पूल बांधला गेला आणि शहराने त्याला या हिंदी राजाच्या आठवणीचेच नाव दिले : पोन्ते आल्लिन्दियानो.

आज एखादे कोल्हापुरी कुटुंब भाड्याच्या गाडीने त्या पुलावरून शहराकडे येते, तेव्हा कायद्याशी त्याची गाठ अगदी वेगळ्या तऱ्हेने पडते. फ्लॉरेन्सच्या जुन्या गावठाणात मर्यादित वाहतुकीचा पट्टा आहे. ठरावीक वेळांत परवान्याशिवाय तिथे गाडी नेता येत नाही. वाटेत ना नाका लागतो, ना शिट्टी वाजते. कॅमेरा क्रमांक टिपतो. गाडी भाड्याने देणारी कंपनी चालकाचे नाव-पत्ता पोलिसांना कळवते आणि त्या कळवण्याचे वेगळे पैसे त्याच्या कार्डावरून कापून घेते. दंडाचे पत्र मागाहून येते. परदेशी राहणाऱ्याला अशी नोटीस पाठवायला इटलीचा कायदा ३६० दिवसांची मुदत देतो. प्रवासातले फोटोही विस्मरणात गेलेले असतात, तेव्हा राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या दारात पोस्टमन उभा राहतो.

महाराजांच्या वेळी परक्या कायद्याशी बोलायला माणूस होता. आजच्या प्रवाशाला तो राहिलेला नाही. या दीडशे वर्षांत परमुलखातल्या वाहनचालकाकडून दंड वसूल करण्याची व्यवस्था पायरीपायरीने सुधारत गेली. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची व्यवस्था मात्र तितकी सुधारली नाही. कोल्हापूरचा इतिहास हे फार स्पष्टपणे दाखवतो, कारण या शहराला परमुलूख कधीच लांब नव्हता.

संस्थानी काळात तर तो काही मैलांवरच होता. कोल्हापुरातून दक्षिणेला निघालेली मोटार कागल जहागिरीतून पुढे गेली, की निपाणीला बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या थेट अमलाखालच्या खालसा मुलखात शिरे. पूर्वेला सांगली, मिरज आणि कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने. आंबा घाट उतरला की ब्रिटिशांचा रत्नागिरी जिल्हा. नैर्ऋत्येला सावंतवाडी संस्थान आणि त्यापलीकडे पोर्तुगीजांचा गोवा. एका दिवसाच्या प्रवासात तीन-तीन सत्ता ओलांडाव्या लागत. मोटारींसाठी ब्रिटिश हिंदुस्थानाने १९१४ मध्ये कायदा केला, पण तो खालसा मुलखापुरता. संस्थानांच्या रस्त्यांवर दरबारांचा अंमल चाले.

त्या काळी कोल्हापुरातला खरा परदेशी म्हणजे साहेब. त्याच्यासाठी नियम निराळा होता. युरोपीय ब्रिटिश प्रजाजनावर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार संस्थानी न्यायालयांना नव्हता. ते प्रकरण ब्रिटिश अधिकाऱ्याकडे जाई. उलट संस्थानचा रहिवासी खालसा मुलखात अडकला, तर त्याला तिथल्याच मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहावे लागे. परकेपणाची किंमत माणूस पाहून ठरत होती. राजाला आणि साहेबाला रदबदलीचा दरवाजा खुला होता, साध्या मोटारवाल्याला नव्हता.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले. देशाबाहेर तात्पुरत्या जाणाऱ्या आणि बाहेरून तात्पुरत्या येणाऱ्या वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार त्यात केंद्र सरकारकडे आला. आज लागू असलेल्या १९८८ च्या कायद्यातही ते प्रकरण कायम आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कागल-निपाणीमधली जुनी हद्द पुसली गेली. योगायोग असा की त्याच वर्षी, १९ सप्टेंबरला, जिनिव्हात रस्ते वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९०९ आणि १९२६ च्या पॅरिस करारांचे हे पुढचे पाऊल होते. भारत या करारात सहभागी आहे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना म्हणून जी छोटी पुस्तिका आज ओळखली जाते, तिला याच करारांचा आधार आहे. कोल्हापूरच्या आरटीओत नमुना ४-अ भरून, पासपोर्ट आणि मूळ लायसन दाखवून, एक हजार रुपये शुल्क भरले की ती मिळते आणि वर्षभर चालते.

त्या करारातले चोविसावे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. परदेशी चालकाने लायसन रद्द होण्याइतका गंभीर गुन्हा केला, तरच यजमान देशाने त्याचा परवाना काढून घ्यावा; तोही बंदीची मुदत संपेपर्यंत किंवा तो देश सोडेपर्यंत, यातले जे आधी घडेल तोवर. परवान्यावर तशी नोंद करता येते आणि परवाना देणाऱ्या देशाला कळवताही येते. पाहुण्याला शिस्त लागावी, पण त्याचे हक्क परत जाताना त्याच्या हाती परत मिळावेत, असा हा समतोल आहे. महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशांनी एकमेकांच्या नागरिकांवर टाकलेला तो विश्वास होता. साध्या दंडाच्या वसुलीबद्दल मात्र असे एकमत झाले नाही. तो विषय ज्याच्या त्याच्या कायद्यावर राहिला.

गोव्याची गोष्ट आणखी वेगळी. पोर्तुगालने १९२८ मध्ये मायदेशी रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात वाहने डावीकडूनच धावत राहिली, कारण सगळा शेजार डावीकडून चालणारा होता. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि सावंतवाडीकडून जाणारी वाट जवळजवळ बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर ही हद्द देशाबाहेरची उरली नाही.

तोपर्यंत दक्षिणेला मात्र नवी हद्द आखली गेली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि निपाणी पुन्हा परमुलूख झाली. नातीगोती, शेती, बाजार, तंबाखूचा व्यापार आणि लग्नाची वऱ्हाडे यांनी बांधलेल्या टापूत गाडीचे 'पासिंग' ही ओळख बनली. कोल्हापूरची एमएच ०९, बेळगावची केए २२, चिकोडीची केए २३. अंबाबाईच्या दर्शनाला आणि जोतिबाच्या खेट्यांना येणाऱ्या केए पासिंगच्या गाड्या, आणि बेळगावला किंवा सौंदत्तीला जाणाऱ्या नऊ पासिंगच्या गाड्या : दोन्हीकडच्या चालकांना पाटीवरून आधी आपल्यालाच हात केला जातो असे वाटते.

ही केवळ भावना नाही, तिच्यामागे कराचा खरा वाद आहे. परराज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा, असे केंद्रीय कायदा सांगतो. कर्नाटकाने २०१४ मध्ये आपल्या कर कायद्यात दुरुस्ती करून तीस दिवसांनंतरच आजीव कर मागायला सुरुवात केली. बंगळुरूत नोकरीला गेलेल्या हजारो महाराष्ट्रीय तरुणांना त्याची झळ बसली. २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती टिकू दिली नाही. पुढे २०२१ मध्ये बदलीच्या नोकरीत असलेल्यांसाठी 'बीएच' मालिकेचे क्रमांक सुरू झाले.

आखातात गेलेल्या मराठी कुटुंबांनी याहून कडक शिस्त अनुभवली आहे. दुबईत भारतीय लायसन थेट बदलून मिळत नाही. तिथली परीक्षा द्यावी लागते. २००७ पासून 'सालिक'ची पथकर कमान गाडी न थांबवता पैसे कापते. लाल दिवा तोडला तर हजार दिरहॅम, बारा काळे गुण आणि तीस दिवस गाडी जप्त. दंड बाकी असेल तर वर्षाची 'मुल्किया', म्हणजे गाडीची नोंदणी, नूतनीकरण होत नाही. पळवाटच नसल्यामुळे तिथे दंड टाळण्याची भाषा कुणी करत नाही. पण त्याच दुबईच्या पोलिसांनी २०१९ मध्ये एक सवलत दिली : तीन महिने एकही नियम मोडला नाही तर जुन्या दंडात पंचवीस टक्के सूट, आणि वर्षभर मोडला नाही तर पूर्ण माफी. परक्या माणसाला सुधारण्याची संधी देणारा हा उपाय कौतुकास्पद आहे.

जर्मनीत चित्र तिसरेच. तिथे राहायला गेलेल्याला भारतीय लायसनवर सहा महिने गाडी चालवता येते, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला मुदत दोन आठवड्यांची. पत्र सरकारी जर्मनमध्ये. नव्याने भाषा शिकणाऱ्या पुण्या-कोल्हापूरच्या अभियंत्याचे हे दोन आठवडे पत्र समजून घेण्यातच निघून जाऊ शकतात.

इटलीतही हाच प्रश्न आहे, फक्त त्याला पैशाची धार आहे. पाच दिवसांत भरले तर दंडात तीस टक्के सूट. हरकत घ्यायची तर प्रीफेक्ट या सरकारी अधिकाऱ्याकडे रजिस्टर पोस्टाने लेखी अर्ज करता येतो. तो फेटाळला गेला तर किमान दंडाच्या दुपटीहून कमी नाही इतकी रक्कम भरावी लागते. दाद मागणे महाग आणि मुकाट्याने भरणे स्वस्त, अशी ही रचना आहे. ज्याची चूक झालेली नाही, तोही मग भरून मोकळा होतो.

भारतानेही याच दिशेने पावले टाकली आहेत. १९८८ च्या कायद्यात किरकोळ गुन्ह्याचा दंड पहिल्यांदा शंभर आणि नंतर तीनशे रुपये होता. वाहतूक पोलिसाने पावती फाडली, पैसे दिले, गाडी पुढे गेली. १ सप्टेंबर २०१९ पासून देशात नवे दर आले : किरकोळ गुन्ह्याला पाचशे, लायसनशिवाय गाडी चालवल्यास पाच हजार. महाराष्ट्रात हे दर २०२१ च्या डिसेंबरात लागू झाले. पावतीपुस्तकाची जागा ई-चलानने घेतली. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी, असा केंद्राचा नियम २०२१ पासून आहे. नागपुरात ऑक्टोबर २०२० मध्ये वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत दंडावर पन्नास टक्के सूट दिली, तेव्हा भरणाऱ्यांची रीघ लागली.

या सगळ्यात भरणे फार सोपे झाले. निपाणीचा माणूस घरी बसून कोल्हापूरचे चलान भरू शकतो. पण 'गुन्हा मान्य नाही' असे म्हटले, की प्रकरण आभासी न्यायालयातून निघून त्या हद्दीच्या नेहमीच्या न्यायालयात जाते. म्हणजे पाचशे रुपयांसाठी तारखा, वकील आणि प्रवास. पैसे हद्द ओलांडून क्षणात जातात, तक्रार मात्र हद्दीवर अडते.

न्यायालयाचे अंतर म्हणजे काय, हे कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी कित्येक दशके आंदोलन केले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाले. दाद मागायला मुंबई गाठावी लागणे हा अन्याय आहे, हेच या लढ्यातल्या वकिलांचे आणि पक्षकारांचे म्हणणे होते. दंड झालेल्या परक्या चालकाचे म्हणणे याहून वेगळे नाही.

त्यावर उपाय अस्तित्वात आहेत. युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशात सदस्य देशांना वाहनमालकांची माहिती एकमेकांना देण्याची सोय केली, आणि त्याबरोबर अटही घातली : शेजारी देशातल्या वाहनमालकाला पाठवायचे पत्र त्याच्या गाडीच्या नोंदणीपत्राच्या भाषेत असावे. ही सोय संघात नोंदलेल्या गाड्यांपुरती आहे. राजारामपुरीत पडलेल्या पत्राला ती लागू नाही. पण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना ती आपापसात स्वीकारायला कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची गरज नाही. दोन्ही राज्यांच्या गाड्यांची माहिती 'वाहन' या एकाच केंद्रीय यंत्रणेत आहे. केए २३ ला जाणारे चलान कन्नडमध्ये आणि एमएच ०९ ला येणारे मराठीत पाठवता येईल. हरकतीची सुनावणी व्हिडिओवरून घेता येईल. गुन्हा कबूल करण्यासाठी जे आभासी न्यायालय चालते, ते नाकबूल करण्यासाठीही चालायला हरकत नसावी. कागल ते निपाणी हे अंतर मोटारीने अर्ध्या तासाचे आहे. सुरुवात तिथून करता येईल.