शाहजोग ते कॉलर

हुंडी, म्हणजे पैसे देण्याविषयीचा सावकारी कागद, घेऊन पेढीवर आलेला माणूस कोण, हे गादीवरच्या दिवाणजीला ठाऊक असायचंच असं नाही. हुंडी शाहजोग असली तर त्याची फारशी पंचाईतही नसे. पैसे द्यायचे ते पेठेत पत असलेल्या शाहाला. रक्कम तो उचली, आणि पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली तर ती व्याजासकट परत करायची जबाबदारीही त्याच्याच माथी. एका कागदाभोवती अशी चार-चार नावं: लिहिणारा, ज्याच्यावर लिहिली तो, पैसे भरून विकत घेणारा आणि शाह. यातल्या कोणाच्या नावावर रक्कम सोडायची, हे हुंडीच्या प्रकारावरूनच ठरे. नामजोग असेल तर लिहिलेल्या नावाचा इसम, धनीजोग असेल तर धनी म्हणजे हुंडीचा मालक, शाहजोग असेल तर शाह.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला ही व्यवस्था मानवणारीच होती. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं; चार रस्ते ओलांडले की राज्य बदले. हुंडी मात्र चाले ती पेठेच्या पतीवर. कागदातली रक्कम बदलता येऊ नये म्हणून ती आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत, वर तिची निम्मी किती आणि त्या निम्मीची दुप्पट किती हेही लिहीत. शंभराचे पाचशे करायचे तर सगळीकडे खाडाखोड आली. आज संगणकी संदेशाला जो हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा, जोडतात त्याचं काम तरी दुसरं काय आहे?

पैसे कोणाच्या नावावर सोडायचे, हा पेढीवरचा पेच आज वेब सर्व्हिसपुढेही आहे. वेब सर्व्हिस म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे केलेली कामाची मागणी. इथेही मागणी घेऊन येणारा एक आणि जिच्या नावाने मागणी आहे ती व्यक्ती दुसरीच. हुंडीशी याचं रक्ताचं नातं नाही. ही शाखा वेगळ्या घराण्यातली, अमेरिकेतली. 1978 साली नीडहॅम आणि श्रोडर यांनी संगणकांच्या जाळ्यावर ओळख पटवण्याची रीत मांडली. त्यावरून एमआयटीच्या अथेना प्रकल्पात केर्बेरोस आलं, पासवर्ड गावभर न फिरवता मुदतीचं तिकीट दाखवणारं. एप्रिल 2002 मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि व्हेरिसाइन यांनी वेब सर्व्हिससाठी डब्ल्यूएस-सिक्युरिटीचा मसुदा काढला आणि 2004 मध्ये ओएसिस या संस्थेने त्याला मानकाचा दर्जा दिला. एक्सएमएल संदेशाच्या मथळ्यात ओळख पटवणारं टोकन कसं ठेवायचं, ते यात ठरलं: नाव-पासवर्डचं, एक्स.509 प्रमाणपत्राचं, केर्बेरोसचं, सॅमलचं.

पण त्यातून पेढीवरचाच घोळ पुन्हा उभा राहिला. एकाच संदेशात दोन-तीन टोकनं आली तर सर्व्हरने कोणाला धनी मानायचं? आयबीएमच्या वेबस्फिअर या सर्व्हरमध्ये यासाठी ‘कॉलर’ नावाची वेगळी मांडणी आहे. तिथे टोकनाचा प्रकार सांगायचा, की हेच टोकन मागणी करणाऱ्याचं, काम याच्या नावावर चालवा. बाकीची टोकनं सही तपासायला किंवा मजकूर उलगडायला. गंमत आहे ती ‘आयडेंटिटी अ‍ॅसर्शन’ची. तिथे कॉलरचं टोकन नुसतं नाव असू शकतं, पासवर्डशिवाय. सर्व्हर ते मान्य करतो, कारण सोबत मधल्या सर्व्हरचं प्रमाणपत्र आहे आणि तो मधला विश्वासू म्हणून आधीच नोंदलेला आहे. हा शाहच की! ही नोंद सैल ठेवली तर कोणीही ऐरागैरा उठून मोठ्या साहेबाचं नाव सांगेल आणि सर्व्हर मान डोलावील. ही मांडणी कंटाळवाणी म्हणून शिकाऊ पोराकडे देणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

दुसरी फट सहीची. 2005 मध्ये आयबीएमच्याच मॅकिन्टॉश आणि ऑस्टेल यांनी दाखवलं, की सही केलेला भाग जसाच्या तसा संदेशातच बाजूला सरकवून त्याच्या जागी स्वतःचा मजकूर घुसवता येतो. तपासणारा जुना भाग तपासतो, सही बरोबर निघते; काम करणारा मात्र नवा भाग वाचतो. मराठेशाहीच्या पत्रांत मजकूर संपला की तिथेच मोर्तबाचा शिक्का उमटवीत. त्याखाली कोणी ओळ वाढवली तर ती शिक्क्याबाहेरची, हे डोळ्यांना दिसे. एक्सएमएलमध्ये ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नेमका कोणता भाग सहीखाली आहे आणि तोच वाचला जातो आहे ना, हे सर्व्हरला बजावून सांगावं लागतं.

मागणारा एक आणि धनी दुसरा, हे रस्त्यावरही दिसतं. निपाणीहून कागलकडे निघालात की कोगनोळीचा टोलनाका लागतो. काचेवरच्या फास्टॅगला ना बॅटरी ना अक्कल. 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरींवर तो आपला क्रमांक तेवढा सांगतो. पुढची बोलाचाली नाक्याची बँक, व्यवहार जुळवणारी एनपीसीआय आणि टॅग देणारी बँक यांच्यात होते. मागणी नाक्याकडून येते, ती पुढे नेते नाक्याची बँक, पण पैसे कापायचे टॅगच्या खात्यातून. फास्टॅग 16 फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा झाला. त्याच काळात करोनामुळे कर्नाटकात शिरणाऱ्यांकडे आरटी-पीसीआरचा दाखला मागू लागले, तेव्हा मात्र टॅगचा काडीचा उपयोग नव्हता. टॅग गाडीची ओळख देतो; पोलिसांना आत बसलेला माणूस हवा होता.