लोककल्याणाच्या दोन शब्दांचा दीडशें वर्षांचा वाद

सरकारी तिजोरींत जमा होणारा पैसा अखेर कोणाचा, आणि तो कोणत्या कामीं खर्च करण्याचा अधिकार सरकारला पोंचतो, हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. दुष्काळ पडला, कारखाने बंद झाले, म्हातारपणीं हातपाय थकले, म्हणजे गरजू मनुष्य सरकारच्या दाराकडे पाहूं लागतो. त्याच वेळीं करांच्या ओझ्यानें वांकलेला दुसरा मनुष्य त्याच दाराशीं येऊन खर्चाला आळा घाला, असें सांगत असतो. दोघांचेंही म्हणणें खोटें नसतें. बहुतेक देशांत हा तंटा विधिमंडळांतील मतमोजणीनें तुटतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र त्यांत एक तिसरा पक्षकार होता. तो म्हणजे लिखित राज्यघटना. मदत द्यावी कीं न द्यावी, हा तेथें दुसरा प्रश्न. मदत देण्याचा अधिकार तरी केंद्र सरकारला आहे काय, हा पहिला. या पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळावयास त्या राष्ट्राला दीडशें वर्षें लागलीं.

१७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. तिच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमांत काँग्रेसला, म्हणजे तेथील केंद्रीय विधिमंडळाला, कर बसविण्याचा अधिकार दिला आहे. कर कशासाठीं? तर देशाचीं ऋणें फेडण्यासाठीं, सामायिक संरक्षणासाठीं आणि सर्वसाधारण कल्याणासाठीं. त्यानंतर नाणीं पाडणें, टपालाची व्यवस्था ठेवणें, सैन्य उभारणें अशा एकेका अधिकाराची यादी दिलेली आहे. सारा वाद उत्पन्न झाला तो 'सर्वसाधारण कल्याण' या दोन शब्दांवरून. हे शब्द म्हणजे पुढील यादीचा केवळ मथळा, कीं यादीच्या बाहेरचा स्वतंत्र अधिकार?

विशेष असें कीं, ज्या दोन पुरुषांनीं घटनेच्या समर्थनार्थ खांद्याला खांदा लावून लेखमाला लिहिली, त्यांच्यांतच या बाबतींत मतभेद झाला. जेम्स मॅडिसनचें म्हणणें असें कीं, हे शब्द यादीनें बांधलेले आहेत. तसें नसतें तर यादी देण्याचें प्रयोजनच काय होतें? अलेक्झांडर हॅमिल्टन हा पहिला अर्थमंत्री. त्यानें १७९१ च्या डिसेंबरांत उद्योगधंद्यांविषयीं जो अहवाल सादर केला, त्यांत उलट मत मांडलें. राष्ट्राच्या गरजा आगाऊ मोजून ठेवतां येत नाहींत. म्हणून जें काम एखाद्या प्रांतापुरतें नसून सर्व राष्ट्राच्या हिताचें आहे, त्यावर काँग्रेसनें पैसा खर्च करण्यास हरकत नाहीं, असा त्याचा पक्ष होता. पुढच्याच वर्षीं मासेमारी करणाऱ्यांना उत्तेजनार्थ रक्कम देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां मॅडिसननें काँग्रेसला बजावलें कीं, या शब्दांना मर्यादा ठेवली नाहीं तर उद्यां केंद्र सरकार धर्म आपल्या हातीं घेईल, गांवोगांव शिक्षक नेमील, गरिबांच्या पोषणाचा भार उचलील आणि रस्ते बांधूं लागेल. आज हें भाषण वाचणाऱ्याला नवल वाटतें. कारण धर्माची बाब सोडली, तर मॅडिसननें ज्यांचें भय दाखविलें त्यांतील बहुतेक गोष्टींना आजचे नागरिक सरकारचें कर्तव्य समजतात.

एकोणिसाव्या शतकांत बहुधा मॅडिसनचाच पक्ष वरचढ राहिला. तो स्वतः अध्यक्ष झाल्यावर, अधिकार सोडण्याच्या आदल्या दिवशीं, ३ मार्च १८१७ रोजीं त्यानें रस्ते व कालवे यांसाठीं पैसा देणारें विधेयक नाकारलें. हीं कामें उपयुक्त आहेत हें त्यानें मान्य केलें. परंतु उपयुक्तता ही अधिकाराची जागा घेऊं शकत नाहीं, असें त्याचें उत्तर होतें. १८५४ सालीं डोरोथिया डिक्स या बाईनें अनेक वर्षें खटपट करून वेड्यांच्या उपचारगृहांसाठीं एक कोटीहून अधिक एकर सरकारी जमीन देणारें विधेयक काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलें. अध्यक्ष पीअर्स यानें सहानुभूति व्यक्त करून तें परत पाठविलें. निराधारांचा सांभाळ हें राज्यांचें काम. केंद्रानें एकदां वेड्यांचा भार घेतला कीं सर्वच दरिद्री जनांचा घ्यावा लागेल, असा त्याचा युक्तिवाद होता.

यांहून प्रसिद्ध उदाहरण १८८७ चें आहे. टेक्सस राज्याच्या कांहीं भागांत अवर्षणानें पिकें बुडालीं आणि शेतकऱ्यांजवळ पेरावयास बीं उरलें नाहीं. काँग्रेसनें बियाण्यासाठीं अवघे दहा हजार डॉलर मंजूर केले. ही रक्कम राष्ट्राच्या तिजोरींतून जाणवलीही नसती. इतकेंच नव्हे, तर त्या वेळीं तिजोरींत शिल्लक वाढत होती. तरीही अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यानें १६ फेब्रुवारीस आपली संमति नाकारली. असें करण्यास घटनेंत आधार नाहीं. शिवाय सरकारनें आईबापांप्रमाणें सांभाळावें अशी अपेक्षा वाढली, तर लोकांचा स्वावलंबनाचा बाणा खचेल आणि शेजाऱ्यानें शेजाऱ्याच्या मदतीस धांवण्याची वृत्तीही मंदावेल, असें त्यानें लिहिलें. प्रतिनिधींना वाटण्यासाठीं जें सरकारी बियाणें मिळतें, तें त्यांनीं या शेतकऱ्यांना द्यावें, असा मार्गही त्यानें सुचविला. पुढें टेक्सस राज्यानें आणि दानशूर नागरिकांनीं त्या रकमेच्या कितीतरी पट साहाय्य केलें. क्लीव्हलँडचे पुरस्कर्ते अद्यापि हा दाखला देतात.

परंतु चित्राची दुसरी बाजूही आहे. ज्या काळांत दहा हजार डॉलरांचें बीं घटनाबाह्य ठरत होतें, त्याच काळांत यादवी युद्धांतील सैनिकांना व त्यांच्या विधवांना मिळणाऱ्या निवृत्तिवेतनांचा खर्च फुगत होता. १८९० नंतरच्या कांहीं वर्षांत तर केंद्राच्या एकूण खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग त्यांतच जाई. सैन्य हा विषय यादींत असल्यामुळें तेथें घटनेची अडचण आली नाहीं. म्हणजे मर्यादा होती ती खर्चाच्या रकमेला नव्हे, तर खर्चाच्या प्रकाराला.

खर्चाला जशी मर्यादा, तशी करालाही होती. १८९४ चा प्राप्तीवरील कर सर्वोच्च न्यायालयानें पुढील वर्षीं पांच विरुद्ध चार मतांनीं रद्द केला. त्यावर उपाय म्हणून सोळावी घटनादुरुस्ती करावी लागली आणि १९१३ पासून काँग्रेसला हा कर निर्वेधपणें बसवितां येऊं लागला. या कराचा मोठा शास्त्रीय पुरस्कर्ता म्हणजे कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक सेलिगमन. त्याच १९१३ सालीं त्यांच्याकडे शिकावयास गेलेल्या एका महाराष्ट्रीय विद्यार्थ्यानें पुढें ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवहारावर ग्रंथ लिहिला आणि १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथास सेलिगमन यांनीं प्रस्तावना दिली. ते विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर.

१९२१ सालीं बाळंतिणी व अर्भकें यांच्या आरोग्यासाठीं केंद्रानें राज्यांना अनुदान देण्याचा कायदा केला. त्याविरुद्ध मॅसॅच्युसेट्स राज्य आणि एक करदाती बाई न्यायालयांत गेलीं. न्यायालयानें मुख्य प्रश्नाला हातच घातला नाहीं. एकट्या करदात्याचा तिजोरींतील वाटा इतका सूक्ष्म असतो कीं, तेवढ्यावरून त्याला दाद मागतां येत नाहीं, असें १९२३ सालीं सांगून त्यानें दावे फेटाळले. कायदा न्यायालयांतून वांचला. पण काँग्रेसनें त्याची मुदत वाढविली नाहीं आणि १९२९ सालीं तो संपला.

त्याच वर्षाच्या अखेरीस शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत सुमारें चार कामगारांमागें एक बेकार झाला. शहरांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या तिजोऱ्या रित्या झाल्या. म्हणजे क्लीव्हलँडनें ज्या शेजाऱ्यावर भरंवसा ठेवला होता, तो शेजारीच उपाशी राहूं लागला. अध्यक्ष हूव्हर यानें १९३२ सालीं अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करण्यासाठीं प्राप्तीवरील कराचा सर्वांत वरचा दर २५ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर नेला आणि बेकारांच्या मदतीसाठीं राज्यांना ३० कोटी डॉलर दिले, तेही कर्जाऊ. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रँकलिन रूझवेल्ट यानें तर प्रचारांत केंद्राच्या खर्चांत चतुर्थांश कपात करण्याचें आश्वासन दिलें. अधिकारावर येतांच, मार्च १९३३ मध्यें, त्यानें सरकारी नोकरांचे पगार आणि माजी सैनिकांचीं निवृत्तिवेतनें कापलींही. परंतु दोन महिने लोटतात न लोटतात तोंच त्याच सरकारला बेकारांच्या साहाय्यार्थ ५० कोटी डॉलर मंजूर करावे लागले. त्या वर्षाच्या हिंवाळ्यांत सुमारें ४० लाख लोकांना सरकारी कामावर घेण्यांत आलें. काटकसरीचा निश्चय खोटा नव्हता. भुकेपुढें तो टिकला नाहीं.

आतां सर्वोच्च न्यायालय आडवें आलें. २७ मे १९३५ रोजीं उद्योगधंद्यांच्या पुनरुज्जीवनाचा कायदा एकमतानें रद्द झाला. ६ जानेवारी १९३६ रोजीं शेतीचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनीं गेला. त्यांत गिरणीवाल्यांवर कर बसवून, पेरा कमी करणाऱ्या शेतकऱ्यांस पैसे देण्याची योजना होती. या निकालांतील विसंगति पाहण्यासारखी आहे. न्यायमूर्ति रॉबर्ट्स यांनीं दीडशें वर्षांच्या वादांत हॅमिल्टनचा अर्थ खरा, असा निर्वाळा दिला. आणि लगेच, शेती हा राज्यांचा विषय आहे, म्हणून हा खर्च अवैध, असेंही ठरविलें. हॅमिल्टन वाद जिंकला, पण खटला मॅडिसनच्या बाजूनें लागला!

मध्यंतरीं वार्धक्यवेतन व बेकारी-विमा यांची योजना आंखली जात होती. तिची सूत्रें मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्याकडे होतीं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळांतील या पहिल्या स्त्री. पर्किन्सबाईंनीं आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं, न्यायमूर्ति स्टोन यांच्या घरीं चहापानास गेल्या असतां त्यांनीं आपली चिंता बोलून दाखविली. तेव्हां स्टोन यांनीं हळूच सुचविलें कीं, कर बसविण्याच्या अधिकारांत तुम्हांला हवें तें सर्व सांपडेल. १४ ऑगस्ट १९३५ रोजीं सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, तो याच पायावर. मालक व नोकर यांनीं वर्षाच्या पहिल्या तीन हजार डॉलर वेतनावर प्रत्येकीं एक टक्का कर भरावयाचा. वार्धक्यवेतन मात्र सरकारी तिजोरींतून मिळावयाचें. कर एका प्रकरणांत आणि लाभ दुसऱ्या प्रकरणांत, अशी मुद्दाम फारकत केली होती. शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना कायद्यांतून वगळलें गेलें. त्यांत नीग्रो लोकांचा भरणा मोठा होता. कल्याणाच्या कायद्यांतही कोणाचें कल्याण, हा प्रश्न उरतोच.

फेब्रुवारी १९३७ मध्यें रूझवेल्टनें न्यायाधीशांची संख्या नवावरून पंधरापर्यंत वाढविण्याची योजना पुढें आणली. ती त्याच्याच पक्षाच्या लोकांनाही रुचली नाहीं आणि जुलैमध्यें तिचा शेवट झाला. परंतु तत्पूर्वींच न्यायालयाचा सूर पालटला होता. २४ मे १९३७ रोजीं बेकारी-विमा पांच विरुद्ध चार आणि वार्धक्यवेतन सात विरुद्ध दोन मतांनीं वैध ठरलें. न्यायमूर्ति कार्डोझो यांनीं लिहिलें त्याचा सारांश असा कीं, कल्याणाची कल्पना स्थिर नसते. जें शतकापूर्वीं एका गांवाचें दुःख होतें, तें आज सर्व राष्ट्राचें होऊं शकतें. आणि हा निर्णय करण्याचें काम मुख्यतः काँग्रेसचें आहे.

घटनेचा अडसर दूर झाला. पण हिशेबाचा झाला नाहीं. त्याच वर्षीं सुधारणा झाली असें समजून सरकारनें खर्च आंखडला, नवा कर मजुरींतून कापला जाऊं लागला आणि बँकांच्या राखीव निधीचें प्रमाणही वाढविलें गेलें. पुन्हां मंदी आली, बेकारी वाढली आणि एप्रिल १९३८ मध्यें रूझवेल्टला नवा खर्च मागावा लागला. यांतील कोणतें कारण मुख्य, याविषयीं अर्थशास्त्रज्ञांत अजून एकमत नाहीं. वार्धक्यवेतनाचा पहिला मासिक हप्ता १९४० च्या जानेवारीअखेर व्हर्माँट राज्यांतील एका स्त्रीस मिळाला, तो २२ डॉलर ५४ सेंटांचा. तिनें कररूपानें भरले होते एकूण पंचवीस डॉलरांच्या आंत. ती शंभर वर्षें जगली आणि तिला बावीस हजारांहून अधिक डॉलर मिळाले. एकाला या आंकड्यांत माणुसकीचा विजय दिसतो. दुसरा विचारतो, मधला फरक कोणाच्या वेतनांतून आला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मर्यादा अगदींच नाहींशा झाल्या असेंही नाहीं. २०१२ सालीं आरोग्यविम्याच्या कायद्याचा मुख्य भाग न्यायालयानें पुन्हां कराच्या अधिकारावरच उचलून धरला. परंतु जुनें अनुदान बंद करण्याचा धाक दाखवून राज्यांवर नवा बोजा लादतां येणार नाहीं, असेंही ठरविलें. स्टोन यांची सूचना पाऊणशें वर्षांनंतरही कामीं आली.

भारताच्या राज्यघटनेनें या वादांतून आपली वाट निराळी काढली. २८२ व्या अनुच्छेदानें केंद्राला व राज्यांना, विषय आपल्या यादींत नसला तरी, कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठीं अनुदान देण्याची मुभा दिली. म्हणजे हॅमिल्टनचा पक्ष येथें स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. काम, शिक्षण आणि वार्धक्यांतील साहाय्य यांविषयींचा ४१ वा अनुच्छेद मात्र आर्थिक ऐपतीच्या मर्यादेनें बांधला आणि ३७ व्या अनुच्छेदानें असें कर्तव्य न्यायालयांतून वसूल करतां येणार नाहीं, असें सांगितलें. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानें तें कर्तव्य स्वतः होऊन अंगावर घेतलें. १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्याच्या खर्चासाठीं शहरांतील पगारदारांकडूनही व्यवसाय कर घेतला जाऊं लागला. खेड्यांतील मजुराच्या हातची कुदळ आणि शहरांतील कारकुनाच्या पगारांतून होणारी कपात यांची अशी गांठ पडली.

मॅडिसननें विचारलेला प्रश्न, अधिकार कोठें थांबतो, आणि टेक्ससच्या शेतकऱ्याचा प्रश्न, बीं कोठून आणावयाचें, हे दोन्ही जेथें मोकळेपणानें विचारतां येतात, तेथेंच तिजोरी सुरक्षित राहते आणि माणूसही. त्यांपैकीं एक प्रश्न ज्या दिवशीं ऐकूं येईनासा होईल, त्या दिवशीं दुसऱ्याचें उत्तरही चुकेल, एवढें या दीडशें वर्षांच्या इतिहासावरून निश्चित म्हणतां येतें.