त्वचारोपण आणि शुश्रूषेचे मोल

भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनीच सांगितला जातो. १८६९ मध्ये रेव्हर्दां यांनी पॅरिसमध्ये त्वचेचे बारीक तुकडे उघड्या जखमेवर रुजवून दाखविले आणि तेथून आधुनिक त्वचारोपणाची वाटचाल सुरू झाली. परंतु शस्त्रक्रिया काही तासांत संपते. लावलेली त्वचा जगली की नाही, याचा निर्णय पुढील दिवसांत रुग्णाच्या खाटेपाशी होतो. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावरच तग धरते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. एवढ्यात तिच्याखाली रक्त साचले, ती सरकली किंवा जंतुसंसर्ग झाला, तर सारे श्रम वाया जातात. हा पहारा परिचारिकेचा असतो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ईस्ट ग्रिन्स्टेड येथील क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात याची प्रचीती आली. विमानाच्या इंधनाने चेहरा आणि हात होरपळलेले तरुण वैमानिक तेथे आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्याकडे येत. १९२५ पासून भाजलेल्या जागेवर टॅनिक आम्ल लावण्याची पद्धत रूढ होती. त्याने जखमेवर कठीण कवच धरे. बोटे आखडत, पापण्या मिटेनाशा होत. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा मात्र अधिक चांगल्या भरतात, हे मॅकिंडो यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी कोमट मिठाच्या पाण्याचे स्नान सुरू केले.

सांगायला सोपा असा हा उपाय परिचारिकांसाठी अतिशय कष्टाचा होता. पाण्याची उष्णता सांभाळायची, चिकटलेल्या पट्ट्या पाण्यातच अलगद सोडवायच्या, पुन्हा व्हॅसलीनयुक्त जाळीदार पट्टी बांधायची. ज्यांचे हात निकामी झाले होते त्यांना घासही भरवायचा. शिवाय त्वचा जेथून काढली, ती मांडीवरची जखम रुग्णाला पुष्कळदा मूळ भाजण्याहूनही अधिक छळते. तिचीही निगा राखावी लागे. तेथील रुग्णांनी १९४१ मध्ये ‘गिनीपिग क्लब’ स्थापिला. युद्धाअखेरीस त्याचे ६४९ सदस्य होते. मॅकिंडो यांचे नाव जगभर झाले, परिचारिकांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत!

शरीराचा मोठा भाग भाजला असेल, तर रुग्णाची स्वतःची त्वचा पुरत नाही. दुसऱ्याची लावावी, तर शरीर ती टाकून देते. गिब्सन आणि मेडावार यांनी १९४३ मध्ये भाजलेल्या एका रुग्णावरील निरीक्षणांतून याचा उलगडा केला. तरीही तात्पुरते आच्छादन म्हणून ती मोलाची ठरते. याच हेतूने मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर दान केलेली आणि ग्लिसरॉलमध्ये जतन केलेली ही त्वचा काही आठवडे जखम झाकते. शरीरातील द्रव वाहून जाणे कमी होते, पट्टी बदलतानाच्या वेदनाही कमी होतात. तोवर रुग्णाच्या मांडीवरची जखम भरून येते आणि त्याच जागेवरून पुन्हा त्वचा घेता येते.